लेथची जागा

माझी कार्यशाळा सात फूट रुंद आणि नऊ फूट लांब आहे. ऋषीनगरात आम्ही घर बांधलं तेव्हा जिन्याशेजारची ही खोली नकाशात ‘स्टोअर’ म्हणून दाखवली होती आणि पंचवीस वर्षं तिने ते नाव इमानदारीने चालवलं: गाद्या, पाण्याचं जुनं पिंप, आमच्या मुलीची, मानसीची, तीनचाकी. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात तीनचाकी देऊन टाकली, पिंप गच्चीवर नेलं आणि भिंतींना चुना काढला. तेव्हापासून मी तिथे शाळा-कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक दुरुस्त करते.

सूक्ष्मदर्शकात सगळ्यात आधी झिजतो तो नळी वर-खाली करणारा पितळी दंड. तो बाजारात मिळत नाही, लेथवर घडवावा लागतो. लेथ म्हणजे धातूचा दांडा गरगर फिरवत ठेवून त्याला पात्याने आकार देणारं यंत्र. माझ्याकडे ते नव्हतं. गोपाळकाकांकडे होतं.

देवास गेटच्या मागच्या गल्लीत काकांचं दुकान बावन्न वर्षं होतं. तराजू, होकायंत्रं, जमीन मोजायच्या दुर्बिणी, जे काही काटेकोर असेल आणि बिघडलेलं असेल ते त्यांच्याकडे यायचं. मी लॅबमध्ये नवीन असताना एक मोडका सूक्ष्मदर्शक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, “ठेवून जा,” आणि मी म्हणाले, “बघत बसू का?” तेव्हापासून मी बघत बसायची, मग हात लावायची, मग करायची. जे येतं ते त्यांनी शिकवलं.

या सप्टेंबरात काकांनी सांगितलं की ते पुण्याला जयूकडे राहायला चालले आहेत. जयू त्यांची मुलगी. काकांचं वय त्र्याऐंशी, घरात एकटे, तिचं म्हणणं बरोबरच होतं. दुकान ऑक्टोबरअखेर रिकामं करायचं होतं. लहान हत्यारं त्यांनी वाटून टाकली. लेथ उरलं. भंगारवाला दोनदा येऊन त्याला टिचकी मारून गेला होता.

“लेथ तुझं,” काका म्हणाले. “पण पोर्चमध्ये ताडपत्रीखाली ठेवणार असशील तर भंगारवाला बरा. जागेवर बसलेलं, चालत असलेलं माझ्या डोळ्यांनी बघीन, मगच गाडीत बसेन. नाही दिसलं तर तिथे पुण्यात मला झोप यायची नाही, सांगून ठेवतो.”

मी हो म्हणाले. निघायचा दिवस ठरला होता: ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, सकाळी, जयूच्या गाडीने.

घरी येऊन मी खोली मोजली आणि हसू आलं. तिथे एक लेथ सोडाच, एक जास्तीची खुर्ची मावत नव्हती.

पुढचे तीन आठवडे फार मजेत गेले. आधी मी आलेख कागदावर एकास दहा प्रमाणात खोली काढली. मग प्रत्येक वस्तूचा पुठ्ठ्याचा तुकडा कापला: टेबल, ड्रिल, ग्राइंडर, वस्तू घट्ट आवळून धरणारा शिकंजा, कपाट. जेवणाच्या टेबलावर ते तुकडे मी पत्त्यांसारखे सरकवत बसायची. माझे यजमान, दिलीप, समोर बसून शेंगदाणे खायचे आणि सल्ले द्यायचे. ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट कुठल्याही रुळावर घेता येते असं त्यांना वाटतं.

“ग्राइंडर आणि शिकंजा एकाच फळीवर घे ना. एक वर, एक खाली. फळी फिरवली की दुसरं वर.”

ही कल्पना खरोखरच चांगली निघाली. फळीच्या मधोमध सळई घातली. आता गरज लागेल तसं एक यंत्र वर येतं, दुसरं उलटं लोंबतं. हातोड्या आणि करवती दाराच्या पाठीवर गेल्या. पितळेच्या सळया छताखाली पाइपांमध्ये आडव्या झाल्या. स्क्रूंच्या बरण्यांची झाकणं मी फळीला खालून ठोकली आणि बरण्या त्यांत फिरवून टांगल्या. भिंतीवर तिरक्या कापलेल्या लाकडी पट्ट्या बसवल्या, म्हणजे कुठलाही खण उचलायचा आणि पाहिजे तिथे अडकवायचा. कपाट काढून त्या जागी चोवीस ड्रॉवरांची अरुंद उतरंड केली. ड्रॉवरांना मुठी लावल्या त्या भैरवगढच्या कापडछपाईवाल्यांनी झिजले म्हणून टाकून दिलेल्या ठशांच्या. आंबा, मोर, बुट्टी. प्रत्येकाला नंबर दिला आणि आत काय आहे ते वहीत लिहिलं.

ड्रॉवर आणि डावी भिंत यांच्यामध्ये चार फूट बाय अठरा इंच जागा निघाली. तिथे लोखंडी घोडीवर कोटा फरशीची लादी बसवली. लेथ तीन फूट आठ इंच लांब आणि पंधरा इंच रुंद. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे. समोर उभं राहायला बावीस इंच.

“कमाल आहे,” दिलीप दारात उभे राहून म्हणाले. “सगळं मावलं. आता फक्त तू मावत नाहीस.”

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हे कुटुंब शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं असं सांगतात. तलवारी केव्हाच गेल्या, पूजा राहिली. इतकी वर्षं पाटावर विळी, कात्री आणि दिलीपांचा दाढीचा वस्तरा असायचा. या वर्षी माझ्या खोलीतच पूजा मांडायची असं अक्कांनी ठरवलं. अक्का म्हणजे दिलीपांच्या मोठ्या बहीण, आमच्याकडेच असतात. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि बघत राहिल्या. मी प्रत्येक हत्यार पुसून, हळदकुंकू लावून जागच्या जागी ठेवत होते.

“ही लादी रिकामी का गं?”

“लेथची आहे, अक्का. यायचंय अजून.”

“मग सुपारी मांड. रिकाम्या जागेला फूल वाहू नये.”

मी सुपारी मांडली. जो हजर नाही त्याच्या जागी सुपारी, हे मला लहानपणापासून माहीत आहे; माझ्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर अज्ञाताला एक चिन्ह देण्यासारखंच. दिलीपांनी चष्मा लावून पोथीतून वाचलं, “आवाहयामि,” मी अक्षता वाहिल्या, अक्कांनी खुर्चीतूनच आरती म्हटली आणि मग आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून खोलीत गेले. लादीवर सुपारी होती. मला पृष्ठभागावर वस्तू पडून राहिलेल्या चालत नाहीत. ती उचलली, चौदा नंबरच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि वहीत चौदापुढे ‘किरकोळ’ होतं त्याच्याखाली ‘सुपारी १’ लिहिलं. तासाभराने अक्का म्हणाल्या, “उत्तरपूजा कर गं, हलव सगळं,” तेव्हा मी एकेका हत्यारावर अक्षता टाकून ते जरा सरकवलं. पाहुण्याला निरोप द्यावा तसं. पूजेतलं सगळं हललं असं मला वाटलं.

पहिली गोष्ट माझ्या नाही, दिलीपांच्या लक्षात आली. चार-पाच दिवसांनी ते चहा घेऊन आले, तो ठेवायला जागा बघू लागले आणि म्हणाले, “एवढी मोठी लादी, आणि तू सगळं काठावर का ठेवून राहिलीस?”

मी बघितलं. वार्निशचा डबा, दोन ब्रश, चष्म्याचं घर, चिमटा. सगळं लादीच्या पुढच्या तीन इंचांत एका ओळीत होतं, दुकानाच्या फळीवर मांडल्यासारखं. मागे सव्वा फूट फरशी स्वच्छ, रिकामी. मी असं का करत होते ते मला सांगता आलं नाही. हात जवळच्या जवळ ठेवतो, असं काहीतरी म्हणाले. दिलीपांनी कप काठावर ठेवला.

दुसरी गोष्ट जमिनीवर होती. रोज संध्याकाळी मी झाडते. लादीखाली केरात पितळेची एक चकचकीत कुरळी वळी सापडली, पेन्सिलला टोक करताना निघते तशी. दुसऱ्या दिवशी तीन. मी दिवसभर कानशीने पितळ घासत होते हे खरं, पण कानशीने भुकटी पडते. वळी फक्त लेथवर पडते. एक वळी मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कड धारदार, पृष्ठभाग झळझळीत. पितळ आमच्या हवेत आठवड्याभरात मंद होतं. ही ताजी होती.

मी ती काचेच्या नळीत घातली, तारीख लावली आणि नळी ठेवून दिली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. पाच दिवसांत सहा नळ्या झाल्या.

बुधवारी लेथ आलं. शैलेंद्र नावाच्या माणसाचा लोडिंग टेम्पो आहे, आमच्या कॉलनीतली सगळी कपाटं आणि फ्रिज त्याच्याच हातून जातात. त्याने तीन माणसं आणली होती. काका दुकानातल्या बाकीच्या सामानात अडकले होते, फोनवर म्हणाले, “मी रविवारीच येतो. बसव नीट.”

नव्वद किलोचं यंत्र चौघांनी दारातून आडवं आणलं, लादीच्या काठावर टेकवलं आणि आत ढकललं. ते चार बोटं सरकलं आणि थांबलं.

“जोर लगाओ,” शैलेंद्र म्हणाला.

त्यांनी जोर लावला. लेथ हललं नाही. कुठे घासल्याचा आवाज नाही, भिंतीला खरचटलं नाही. शैलेंद्रने लेथच्या वरून हात घालून मागे चाचपून बघितलं आणि हात काढून घेतला.

“पीछे तो कुछ नहीं है, दीदी.”

मी फीत काढली. लादी चार फूट. लेथ तीन फूट आठ. लादीची खोली अठरा इंच. लेथ पंधरा. फीत बदलली, पोलादी पट्टी घेतली. तेच आकडे. त्यांनी लेथ उचललं, फिरवलं, दुसऱ्या बाजूने घातलं. चार बोटं.

“फीता भी सही, मशीन भी सही,” शैलेंद्र घाम पुसत म्हणाला. “फिर गड़बड़ किसमें है? अपने में?”

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी लेथ पोर्चमध्ये नेऊन ठेवलं आणि त्यावर ताडपत्री घातली. काकांनी नेमकं जे करू नको म्हणून सांगितलं होतं तेच. जाताना शैलेंद्र म्हणाला, “जब जगह हो जाए, फोन कर देना.” मी ‘जागा आहे’ असं म्हणणार होते.

रात्री काकांचा फोन आला. “बसलं?”

“उद्या बसतंय, काका.”

“बरं. बरं,” ते म्हणाले. “घाई करू नकोस. रविवार आहे अजून.” आणि थोडं थांबून, “भंगारवाला विचारत होता आज पुन्हा. गेलं म्हणालो. घरी गेलं.”

गुरुवारी सकाळी मी अक्कांची विणायची सुई मागून घेतली. दहा नंबरची, सरळ, चौदा इंच लांब; मागे काडी बांधून ती दोन फूट केली. आलेख कागद फळीला लावला. लादीच्या काठावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर खुणा केल्या, उंचीसाठी उभी पट्टी ठेवली आणि प्रत्येक खुणेवरून सुई सरळ आत घातली.

काही ठिकाणी ती भिंतीपर्यंत जात होती. काही ठिकाणी जात नव्हती.

ती कशाला टेकत होती असं मी म्हणणार नाही. टोकाला स्पर्श जाणवत नव्हता, सुई वाकत नव्हती. एका बिंदूनंतर ती पुढे जायची राहून जात होती. वाक्य बोलता बोलता पुढचं विसरावं, तसा हात थांबत होता. मी डाव्या हाताने करून बघितलं. डोळे मिटून करून बघितलं. बिंदू तोच येत होता, दोन मिलिमीटरच्या आत.

दुपारी दोनपर्यंत दोनशे बारा बिंदू झाले. मी ते पेन्सिलने जोडले.

कागदावर लेथ होतं. खाली लांब सपाट पाठ, डावीकडे डोकं, उजवीकडे शेपूट, मध्ये पातं धरणारा ठोकळा. समोर तीन चाकं. दोन चाकांच्या मुठी बारीक होत्या, तिसऱ्याची जाड. मी पोर्चमध्ये जाऊन ताडपत्री उचलली. तिसऱ्या चाकाची मूठ काकांनी कधीतरी मोडल्यावर शिसवीची बसवलेली आहे. जाड.

मला भीती वाटली नाही, हे नोंदवायला हवं. मला वाटलं तो आनंद होता, प्रयोग जुळल्यावर होतो तो. जागा भरलेली होती. माझी मोजमापं चुकलेली नव्हती. मी कागद घेऊन अक्कांकडे गेले, कारण घरात त्या वेळी त्याच जाग्या होत्या.

अक्कांनी कागद लांब धरून बघितला. “काय आहे हे? शिवणाची मशीन?”

मी सगळं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत, हेच विशेष.

“सुपारी हलवलीस?” त्यांनी विचारलं.

“चौदा नंबरमध्ये आहे.”

“कुठे आहे विचारलं नाही मी. अक्षता टाकून हलवलीस का?”

मी आठवून बघितलं. “नाही. त्याआधीच उचलून ठेवली होती.”

“अगं बाई!” अक्कांनी कपाळाला हात लावला, पण डोळे हसत होते. “बोलावलंस, बसवलंस, पुरणपोळी दाखवलीस, आणि जा म्हणालीच नाहीस! ते बिचारं बसलंय आपलं. आणि म्हणे एमएस्सी!”

“अक्का, सुपारीचं वजन सात ग्रॅम आहे.”

“मग सात ग्रॅमला जा म्हण ना. जीभ झिजते का?”

दिलीप संध्याकाळी आले तेव्हा अक्कांनी त्यांना माझ्यादेखत, माझी नक्कल करून, सगळं सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, “एक सांगू? वॅगन पहिल्या लाइनवर उभी असेल तर दुसरी तिथे लागत नाही. आधीची काढावीच लागते. यात काय चूक बोलली ती?”

शुक्रवारी सकाळी मी चौदा नंबरमधून सुपारी काढली आणि लादीवर ठेवली. तिला लादीच्या मध्यावर ठेवता येईना, म्हणून काठावर ठेवली. अक्षता वाहिल्या. दिलीपांनी पोथीतलं पान शोधून वाचलं. अक्का खुर्चीतून म्हणाल्या, “आता हलव. उत्तरेला. आणि तोंडाने बोल, नुसतं मनात नको. तुझं मनातलं आम्हाला कधी कळत नाही, तर त्याला काय कळणार?”

“लेथ,” मी म्हणाले, “आता जा.” आणि सुपारी बोटाने उत्तरेकडे सरकवली.

काही झालं नाही. आवाज नाही, वारा नाही. मी सुई घेतली आणि मध्यावरून आत घातली. ती सरळ भिंतीला जाऊन टेकली. चुन्यावर बारीक खळी पडली.

मी आणखी वीस ठिकाणी बघितलं. सगळीकडे भिंत.

शैलेंद्र अकरा वाजता माणसं घेऊन आला. लेथ आत गेलं ते लोण्यातून सुरी जावी तसं, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून.

“परसों क्या हुआ था फिर?” त्याने विचारलं.

“परसों जगह ख़ाली नहीं थी,” दिलीप म्हणाले. शैलेंद्रला हा विनोद वाटला. त्याने चहा घेतला, दोन पोहे-जिलबीच्या प्लेटी संपवल्या आणि अक्कांच्या पाया पडून गेला.

शनिवार मी समतल करण्यात घालवला. चारही पायांखाली पातळ पत्रे घातले, पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणला, पट्टा चढवला, तेल दिलं. संध्याकाळी पहिला दांडा लावून चालवला. पितळेची लांब वळी निघाली आणि जमिनीवर पडली, माझ्या सहा नळ्यांमधल्या वळ्यांसारखीच. मी मनाशी म्हणाले, प्रकरण बंद. समोरच्या बावीस इंचांत उभं राहताना कोपर जरा आखडून घ्यावा लागत होता, पण अरुंद जागेची सवय व्हायला वेळ लागतोच.

रविवारी सकाळी दहाला जयू काकांना घेऊन आली. तिची मोठी गाडी सामानाने भरली होती. पुण्याच्या रस्त्याला लागायच्या आधी अर्धा तास आमच्याकडे. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून ते वर्तमानपत्र हातभर लांबून वाचतात आणि सगळ्यांना तसं सांगतात.

“बाबा, पाचच मिनिटं हां,” जयू म्हणाली.

“बावन्न वर्षांना पाच मिनिटं? वा.”

खोलीत दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत, म्हणून काका एकटे आत गेले. मी, दिलीप, जयू जिन्यापाशी थांबलो. अक्का दिवाणावरून ओरडल्या, “गोपाळराव, हात सांभाळा!” काकांनी दिवा लावला. मी ऐकत होते: बरण्या फिरवल्याचा आवाज, ड्रॉवर उघडल्याचा, फळी उलटी केल्याचा, आणि त्यांचं हसणं. “ही भन्नाट आहे हं मुक्ता!” मग मोटर सुरू झाली.

काम करताना पुटपुटायची त्यांना सवय आहे. “हां... जरा इकडे... असं,” वगैरे. आवाज चांगला येत होता, मऊ, एकसारखा, कापणारा. लेथ नीट बसलं की असाच येतो. दहा मिनिटं जयू घड्याळ बघत राहिली, पण तिने हाक मारली नाही.

काका बाहेर आले तेव्हा हातात पितळेचा छोटा भोवरा होता. तो त्यांनी अक्कांना दिला. अक्का ऐंशीच्या घरातल्या बाईने लाजावं तेवढं लाजल्या.

“झालं,” काका जयूला म्हणाले. “आता ने कुठे न्यायचं तिथे.”

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझा हात धरला, तेलाचा वास येत होता.

“मला काळजी होती,” ते म्हणाले. “तू साठीची. तुझ्यानंतर लेथ पुन्हा ताडपत्रीखाली. रात्र-रात्र हाच विचार. तू आधी सांगायचं नाहीस का?”

“काय, काका?”

“माणूस ठेवलायस ते. वेड्यासारखी काळजी केली मी.” ते गाडीत बसले. जयू पट्टा लावून देत होती, तिचं लक्ष नव्हतं. “चांगला आहे. जागा दे म्हटलं तर लगेच सरकला. हात बघितला त्याचा, शांत आहे. टिकेल.”

मी गाडीचं दार धरून उभी होते.

“बोलत नाही फारसा. तुझ्यासारखाच.” काका हसले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. “एकच. बाह्या लांब आहेत त्याच्या. लेथवर लांब बाही नको, अडकली तर हात जाईल. मी बोललो, पण मालकिणीने सांगावं. सांगशील?”

जयूने गाडी सुरू केली. काका खिडकीतून माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत.

“सांगते, काका,” मी म्हणाले.

गाडी कोपऱ्यावरून वळली. दिलीप हात हलवत फाटकात उभे होते. “काय म्हणाले?”

“लेथवर काम करताना काय काळजी घ्यायची ते.”

“शेवटपर्यंत मास्तर!” ते कौतुकाने म्हणाले आणि आत गेले.

मी कार्यशाळेच्या दारात गेले. ऊन खिडकीतून लादीवर आलं होतं. लेथ बंद होतं. पट्टा स्थिर. चोवीस ड्रॉवर बंद. समोर बावीस इंच जागा, रिकामी.

मी आत पाय टाकला नाही.

दिलेला शब्द पाळायचा होता. मी घसा साफ केला. अनोळखी माणसाशी बोलतो तसं, मोठ्याने म्हणाले, “बाह्या वर करा.”

कापड दुमडल्याचा आवाज आला. सावकाश, नीट, घडीवर घडी.

मग दुसऱ्या हाताचा.